सोन्याची केबल आणि पुसट अक्षरं

मंडळी, आज जरा तारांवर बोलू. विषय कोरडा वाटेल, पण खिसा तुमचाच कापला जातोय.

अमरावती असो की अकोला, मॉनिटर घ्यायला गेलं की शेवटचा प्रश्न ठरलेला. "भाऊ, केबल साधी देऊ का गोल्डवाली? गोल्डवालीत कलर भारी येते." दीड मीटरची एचडीएमआय केबल, आणि म्हणे कलर भारी! अरे बाप्पा, त्या तारेतून जातात ते आकडे. शून्य आणि एक. नीट पोचले तर चित्र जसंच्या तसं. नाही पोचले तर ठिपके चमकतात, नाहीतर पडदा काळा होतो. सोन्याच्या मुलाम्याने टोकाला गंज लागत नाही, एवढंच.

हा समज आला कुठून? व्हीजीएच्या काळातून. आयबीएमने 1987 साली आणलेलं व्हीजीए ॲनालॉग. तारेतला व्होल्टेज हाच रंगाचा उजेड. तार हलकी आणि लांब असली की अक्षरांच्या कडा पसरायच्या, बाजूला सावली दिसायची. तेव्हा चांगल्या केबलने चित्र खरंच सुधारायचं. ते जुनं सत्य आज नव्या डब्यात घालून विकतात.

आता दुसरी बाजू. "डिजिटल आहे ना, मग कोणतीही तार चालते" हेही तितकंच खोटं. सेकंदाला 60 फ्रेम्स धरल्या तर फुल एचडीच्या चौपट पिक्सेल फोरकेला पाठवावे लागतात. 2013 च्या एचडीएमआय 2.0 ची कमाल गती सेकंदाला 18 गिगाबिट. एवढ्या वेगात तांब्याच्या तारेत सिग्नल मीटरामीटराला दुबळा होतो. दोन मीटरवर साधी केबल मस्त चालते, तीच जात पंधरा मीटरवर मान टाकते.

आणि आपल्याकडे नेमकं उलटं चालतं! टेबलावरच्या दीड मीटरला सोनं, आणि कॉलेजच्या हॉलमध्ये स्टेजपासून छतापर्यंतच्या पंधरा मीटरला सगळ्यात स्वस्त तार. तीही भिंतीत प्लास्टरखाली गाडलेली. मग चित्र मिचमिचतं, दोष प्रोजेक्टरवर जातो, आणि शेवटच्या बाकावरच्या पोराला स्लाइडवरचं काहीच दिसत नाही. लाखाची वस्तू दोनशेच्या तारेने आंधळी!

म्हणून राजेहो, आधी दोरी लावून अंतर मोजा. दोन-तीन मीटरला स्कॅन करून तपासता येणारं "प्रीमियम हाय स्पीड"चं लेबल बघा, सोनं नको. दहा मीटरच्या पुढे फोरके हवं असेल तर ऑप्टिकल एचडीएमआय घ्या. आणि भिंतीत तार नाही, पाइप गाडा. उद्या बदलता तरी येईल.

आपला भाग कापसाचा. इथला व्यापारी कापूस घेताना धाग्याची लांबी बघतो, गाठोड्याचं फडकं नाही. केबल घेताना तेवढी अक्कल पुरे.