हात जुना, धागा नवा

ग्वाल्हेरला लश्करच्या आमच्या घरी दिवाळी झाली की आईच्या हातात सुया यायच्या. तिच्याकडेच शिकले आणि जन्मभर लोकरच विणली. यंदा वडोदऱ्याच्या नातीसाठी पहिल्यांदा सुती धागा घेतला. तिथल्या उकाड्यात लोकर कशाला? सुया नेहमीच्या, टाकेही नेहमीचेच. झबलं एका धुण्यात गुडघ्याखाली लोंबलं! सून म्हणाली, "आई, राहू द्या, विकतचं आणू." मनाला लागलं हो.

पण धाग्याला दोष कसा देणार? लोकर ताणली तरी परत जागेवर येते. सूत तसं येत नाही, त्यात जड, म्हणून लोंबतं. सगळं उसवलं. बारीक सुयांवर वीतभर नमुना विणला, धुतला, वाळवला, मग टाके मोजले. दुसरं झबलं नीट बसलं.

माझं मत स्पष्ट आहे. "आम्हाला येतं की" म्हणत नमुना टाळणं हा आळसच. आई तर लोकरीचासुद्धा नमुना विणायची. आणि सुना-लेकींनो, "विकतचं आणू" म्हणण्याआधी आजीला एकदा उसवायला वेळ द्या. हे हात पुन्हा शिकतात.