बंडी वेगळी, दमणी वेगळी



आपल्या आज्याच्या अंगणात दोन गाड्या असत. एक बंडी. शेणखत, कडबा, पऱ्हाट्या, कापूस, जे काही जड आणि मळकट असेल ते बंडीत. दुसरी दमणी. हलकी, झपाट्याने चालणारी. माहेरवाशीण आणायची, जत्रेला जायचे, बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचे, तर दमणी जुंपायची. ज्याच्या घरी दमणी नव्हती तो शेजाऱ्याची मागून आणी. बंडीतही माणसे बसत, नाही असे नाही. पण ती बैलाच्या चालीने जाई. उलटली तर गुडघा फुटे, जीव जात नसे.

आता बंडीच्या जागी ट्रॅक्टरची ट्रॉली आली, पिकअप आला, छोटा हत्ती आला. दमणीच्या जागी मात्र बहुतेक घरांत काहीच आले नाही. म्हणून सकाळी ज्या हौद्यात खताची पोती होती, त्याच हौद्यात संध्याकाळी वऱ्हाड उभे असते. चाल बैलाची राहिली नाही, ताशी साठ किलोमीटरची झाली. या एका गोष्टीवर आम्हाला आज बोलायचे आहे.

बैठकीत हल्ली हमखास प्रश्न निघतो, गाडी कोणती घ्यावी? पोरगा मोबाईलवर अमेरिकेतली भली मोठी पिकअप दाखवतो आणि म्हणतो, 'बाबा, बघा, एकच गाडी. माल ओढते, घरच्या पाच जणांनाही नेते.' पोरगा खोटे बोलत नाही. ती गाडी खरीच आहे. पण तिच्या मालकाला जे हिशोब करावे लागतात ते जाहिरातीत दिसत नाहीत. ते आधी पाहू.

टेक्सास राज्यात लबक नावाचे शहर आहे. त्याच्या आजूबाजूला तुमच्याआमच्यासारखाच कापूस आणि ज्वारी पिकते आणि त्यातली बरीच शेती निव्वळ पावसावर चालते. तिथल्या शेतकऱ्याच्या दारात फोर्डची एफ-१५०, शेवरोलेची सिल्व्हराडो किंवा रॅम अशी गाडी असते. पुढे दोन बाकांची बंद केबिन, मागे उघडा हौदा, त्याखाली ट्रेलरचा हूक. आठवडाभर डिझेलची टाकी, बियाणे, अवजारे, गुरांचा ट्रेलर. रविवारी त्याच गाडीत बायकामुले चर्चला.

जाहिरात सांगते, ही गाडी पाच-सहा टन ओढते. हा आकडा गाडीत जेमतेम दोन माणसे धरून काढलेला असतो. खरा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. माणसे आणि सामान मिळून गाडीने अंगावर किती किलो घ्यायचे, ते तिथे लिहितात. समजा तो आकडा ७५० किलो आहे. घरची पाच माणसे बसली, ३५० किलो गेले. उरले ४००. आता ट्रेलर जोडा. ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हुकावर, म्हणजे गाडीच्या अंगावर येतो. चार टनांच्या ट्रेलरचा भार झाला ४०० ते ६०० किलो. हौद्यात एक पोते न टाकताच गाडी भरली! ओढायची ताकद वेगळी आणि पेलायची ताकद वेगळी, हे जो समजत नाही तो तिथेही रस्त्याच्या कडेला पडतो.

हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. बंडी भरताना आपण काय पाहतो? पुढे जास्त भरले तर जुवाचा भार बैलांच्या मानेवर येतो. मागे जास्त भरले तर बंडी उलाळते आणि बैल टांगले जातात. ट्रेलरचेही तसेच आहे. पुढचा भार जास्त झाला की ओढणाऱ्या गाडीचे मागचे पाटे बसतात आणि पुढची चाके हलकी होऊन स्टेअरिंग ऐकेनासे होते. मागचा भार जास्त झाला की वेगात ट्रेलर शेपटासारखा झुलू लागतो आणि गाडीलाही घेऊन जातो. म्हणून तिथे जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतात आणि ते केबिनमधून लागतात. आपल्याकडच्या किती ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक आहेत? आपापल्या गावात मोजून पाहा.

आणखी एक गोष्ट पोराला सांगा. टेक्सासचा शेतकरी या पिकअपमध्ये कापूस नेत नाही. शेतातच कापसाचा मोठा गठ्ठा दाबून ठेवतात आणि जिनिंगचा खास ट्रक येऊन तो उचलून नेतो. म्हणजे एवढी दांडगी गाडी दारात असूनही पिकाचा मुख्य माल दुसऱ्याच्या गाडीने जातो. बंडी वेगळी, दमणी वेगळी. तिथेही!

आता आपला हिशोब. नवी पिकअप दहा लाखांची धरू. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. तो पुरा मिळाला असे मानले, तरी गाडीची किंमत झाली १२३ क्विंटल कापूस. कोरडवाहू पाच एकरांत एकरी पाच क्विंटल धरले तर पंचवीस क्विंटल. म्हणजे जवळजवळ पाच वर्षांचा सगळा कापूस गाडीच्या तोंडात. बियाणे, खत, फवारणी, वेचणी, घरखर्च आणि कर्जाचे व्याज यांना त्यात जागाच नाही.

आणि हे पंचवीस क्विंटल बाजारात न्यायला खेपा किती? दोन, फार तर तीन. कापूस वजनाला हलका आणि आकाराने अवाढव्य. त्याला जागा लागते, ताकद नाही. ज्वारी उलटी. क्विंटलाची पंधरा पोती म्हणजे दीड टन. हौदा अर्धा रिकामा दिसतो आणि पाटे बसलेले असतात. वर्षातल्या दोन-चार खेपांसाठी दहा लाख अडकवायचे, की त्या खेपा भाड्याने करायच्या? एका वहीत वर्षभराची नोंद करा. मालासाठी गाडी किती दिवस लागली, माणसांसाठी किती दिवस लागली. आमचा अंदाज असा की बहुतेक घरांत माणसांचे दिवस जास्त निघतील.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. पाच-सात एकरवाल्याने मालाची गाडी कर्ज काढून घेऊ नये. खेपा भाड्याने कराव्यात. गाडी घ्यायचीच झाली तर जुनी चालेल, पण सगळ्यांना बसायला बाक असलेली घ्यावी. ज्यांची जमीन जास्त आहे किंवा चार भाऊ एकत्र आहेत, त्यांनी दोन बाकांची पिकअप जरूर पाहावी. मात्र पाहताना इंजिनाच्या ताकदीवर भाळू नये. आरसी बुकात माणसांच्या जागा किती लिहिल्या आहेत, सगळी माणसे बसल्यावर हौद्यात किती किलो चालतात, आणि विम्याच्या कागदात घरच्या माणसांचे काय लिहिले आहे, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. उत्तर तोंडी घेऊ नये, लिहून घ्यावे.

विम्याचे एवढे का? कारण इथे जमीन जाते. १९९४ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि मालवाहू गाडीतून मालासोबत जाणारा मालाचा धनी किंवा त्याने नेमलेला माणूस विम्यात धरला गेला. पण मालाशी संबंध नसलेली, नुसती बसवून नेलेली माणसे? २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मालवाहू गाडीत फुकट नेलेल्या प्रवाशांची भरपाई विमा कंपनीवर बंधनकारक नाही. कधी कोर्ट कंपनीला आधी पैसे भरायला लावते आणि मग ते गाडीमालकाकडून वसूल करायची मुभा देते. शेवटी बोजा मालकावर. शेजारधर्म म्हणून तुम्ही लग्नाला टेंपो दिला, डिझेलचेही पैसे घेतले नाहीत. अपघात झाला की त्याच शेजाऱ्याची विधवा तुमच्याविरुद्ध दाव्यात उभी राहते. तिचे चुकत नाही. तिने दुसरे करावे तरी काय?

लायसनच्या बाबतीत एक दिलासा आहे. साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचे लायसन चालते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले. पण लायसन बरोबर असले म्हणून हौद्यातली माणसे विम्यात येत नाहीत.

आता थोडे आमच्याच पदराखाली पाहू. मेळाव्याला गर्दी कशी जमते? ट्रॉल्या आणि टेंपो भरून. आम्हीही वर्षानुवर्षे असेच आलो, हौद्यात उभे राहून, घोषणा देत. एकदा रात्री परतताना चढावर फाळका उघडला. गाडी हळू होती म्हणून कडेला उभी असलेली दोन पोरे नुसती खरचटली. आम्ही हसलो, फाळका दोरीने बांधला आणि पुढे निघालो. त्या हसण्याची आज लाज वाटते. शेतकऱ्याच्या मालाला दाम मागायचा आणि शेतकऱ्याला मात्र पोत्यासारखे आणायचे, हे आपल्याला शोभत नाही.

सरकारकडे एक मागणी जरूर करू. दोन बाकांच्या पिकअपमध्ये आरसी बुकातल्या जागांवर बसलेल्या घरच्या माणसांना विम्याचे पुरते संरक्षण द्या, आणि ते साध्या मराठीत लिहून द्या. पण सरकार ऐकेपर्यंत आपल्या हातातले आपण करू शकतो. पुढच्या मेळाव्याला दहा गावांनी मिळून एसटी ठरवावी. माणसे थोडी कमी आली तरी चालतील. लग्नाला टेंपो मागायला कोणी आले तर स्वयंपाकाची भांडी आणि मांडवाचे सामान आनंदाने न्या, वऱ्हाडाला नाही म्हणा. राग येईल, चार दिवसांनी जाईल.

आज मेळावा संपल्यावर गाड्या लागतील. हौद्यात चढायच्या आधी मागे वळून पाहा, आपल्यासोबत कोण चढते आहे. एखाद्या मायबहिणीच्या कडेवर लेकरू असेल तर आधी तिला केबिनमध्ये जागा द्या. सुरुवात आजच होऊ शकते.