लांबच्या वाटेची तयारी

आश्विन लागला की पनवेलच्या आसमंताचे रूप पालटू लागते. चार महिने ढगांत दडलेला प्रबळगड पूर्वेस स्वच्छ दिसू लागतो. दक्षिणेकडे कर्नाळ्याचा सुळका अंगठा उभारल्याप्रमाणे आकाशात उठून दिसतो. भाताची शेते पिवळी पडतात, ओढ्यांचे पाणी निवळते आणि डोंगरउतारांवरील गवतावर सोनेरी झाक येते. अशा दिवसांत तरुण मुलांचे मन घरात रमत नाही. नाताळच्या सुटीत राजगडावरून तोरण्यास व तेथून रायगडास पायी जाण्याचे बेत याच सुमारास रचले जातात. हे बेत स्तुत्य आहेत यात शंका नाही. परंतु पुष्कळदा त्यांत एक मोठी उणीव राहून जाते. तिथी ठरते, सोबती ठरतात, शिधा ठरतो. पायांचा विचार मात्र कोणी करीत नाही.

राजगड ते रायगड ही वाट तीन-चार दिवसांची आहे. पाठीवर अंथरूण-पांघरूण, शिधा व पाणी घेऊन राजगडाच्या संजीवनी माचीकडून उतरावयाचे, डोंगराच्या धारेने तोरण्याच्या बुधला माचीवर चढावयाचे, पुढे मोहरी गाव गाठावयाचे आणि तेथून नाळेने कोकणात उतरावयाचे, असा हा क्रम असतो. नाळ म्हणजे सह्याद्रीच्या कड्यातील दगडधोंड्यांनी भरलेली अरुंद घळ. पहिल्या दिवशी सर्वांच्या पुढे धावणारा मुलगा या नाळेत प्रत्येक धोंड्यावर बसत बसत उतरू लागतो. त्याचे ओझे इतरांना वाटून घ्यावे लागते, तुकडीचा वेग निम्म्यावर येतो आणि अंधार पडण्यापूर्वी गाठावयाचे गाव दूरच राहते. एकाच्या गुडघ्यांची हेळसांड अशा रीतीने साऱ्यांना भोगावी लागते.

‘मावळ्यांनी कोठे सराव केला होता?’ असा प्रश्न यावर अनेकदा विचारला जातो. जुलै 1660 मध्ये पन्हाळगडाहून विशाळगडाकडे भर पावसाळी रात्री निघालेले शिवाजी महाराजांचे सैनिक चिखल आणि ओढे तुडवीत गेले, ते काय आधी सहली काढून? प्रश्न चतुराईचा आहे, पण तो उलट बाजूने साक्ष देतो. त्या माणसांचे सारे आयुष्यच सराव होते. पाण्यासाठी, सरपणासाठी, बाजारासाठी रोज डोंगर चढणारा-उतरणारा मावळा दसऱ्यास सीमोल्लंघनाला निघे, तेव्हा त्याचे पाय आधीच तयार असत. पनवेलच्या आजच्या मुलाचा पावसाळा वर्गातील बाकावर आणि आगगाडीच्या डब्यात जातो. मावळ्याचे नाव घेण्याआधी त्याच्या पायांचा थोडासा तरी अंश कमावणे भाग आहे, आणि त्यास शरदातील एकेका दिवसाच्या पायपिटीहून चांगला मार्ग नाही.

सर्वसाधारण समजूत अशी की, दम वाढला म्हणजे तयारी झाली. खरे पाहता दम तुलनेने लवकर वाढतो. फसवतात ते उतार. चढताना मांडीचे स्नायू आखडत काम करतात. उतरताना मात्र ते ताणले जात असतानाच अंगाचा सारा भार पेलून धरतात. या कामाने स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि तिचे दुखणे त्याच दिवशी नव्हे, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढते. लांबच्या वाटेवर नाळ येते तीही नेमकी याच वेळी. सुदैवाने शरीराची एक रीत मोठी उपकारक आहे. असा ताण एकदा सोसलेला स्नायू पुढील काही आठवडे तोच ताण पुष्कळ कमी दुखत सोसतो. स्नायूंना हाडांशी जोडणारे कंडरे मात्र सावकाश बळकट होतात. त्यांना घाई खपत नाही. म्हणून दसऱ्यापासून मार्गशीर्षापर्यंत आठवड्यास एक, असे आठ-दहा रविवार या कामी दिले पाहिजेत. आदल्या रविवारी केलेली एकच दांडगी चढाई उपयोगाची नाही, उलट अपायकारक आहे.

आता डोंगर कोणता निवडावा? आजकाल मुलांचा ओढा कलावंतीणीच्या सुळक्याकडे असतो. कड्याच्या अंगावर खोदलेल्या तेथील पायऱ्या पाहून कोणाचेही मन थरारते, आणि छायाचित्रेही सुंदर येतात. पण सुटीच्या दिवशी त्या पायऱ्यांवर माणसांची रांग लागते, आणि रांगेत उभे राहून पाय तयार होत नाहीत. त्यापेक्षा कर्नाळा बरा. सुमारे 440 मीटर उंचीचा हा किल्ला पनवेलहून 12 किलोमीटरांवर आहे. वाटेत शिरढोण लागते. कर्नाळ्याच्या किल्लेदाराचे नातू वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म 4 नोव्हेंबर 1845 रोजी या गावी झाला. 1883 साली एडनच्या तुरुंगाचे दार निखळवून हा पुरुष बाहेर पडला होता. त्यांचे जन्मस्थान पाहून मग गडाकडे वळावे, हे उचितच होय. गडावर सुळक्याच्या पायथ्याशी खडकात खोदलेली टाकी व कोठारे आहेत, आणि सुळक्यावर आग्यामाश्यांची पोळी असतात; म्हणून तेथे आरडाओरडा, धूर व उग्र अत्तर वर्ज्य समजावे.

कर्नाळ्यास एकदा जाऊन थांबू नये, पुनःपुन्हा जावे. मुलांना हे कंटाळवाणे वाटेल. परंतु डोंगर तोच राहिला तरच आपल्यात काय बदलले हे कळते. पहिल्या खेपेस रिकाम्या पाठीने, मग पाठीवर तीन किलो, मग सहा, असे ओझे वाढवीत न्यावे. पायांत तेच जोडे असावेत, जे पुढे राजगडावर असणार. ते सलले, लागले, फोड आले, तर पनवेलच्या जवळच येऊ देत. शेवटचे दोन रविवार प्रबळगडास द्यावेत. हा गड सुमारे 700 मीटर उंच आहे, आणि प्रबळमाचीवरून वर जाणारी त्याची वाट धोंड्यांच्या घळीतूनच चढते. नाळेची ओळख करून देणारी याहून जवळची जागा पनवेलकरांना मिळावयाची नाही. 1953 साली एव्हरेस्टवर गेलेल्या ब्रिटिश तुकडीनेही प्रथम थ्यांगबोचेपर्यंत अनेक दिवसांची वाट पायी तुडविली आणि शिखराकडे वळण्यापूर्वी आसपासच्या लहान डोंगरांवर सराव केला.

हे सारे पावसाळ्यातच का करू नये, असे काही उत्साही मंडळी म्हणतात. इरशाळगडाच्या कुशीतील इरशाळवाडीवर 19 जुलै 2023 च्या रात्री दरड कोसळली आणि झोपेतील कुटुंबेच्या कुटुंबे गाडली गेली. तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना ज्या डोंगराचा अंदाज आला नाही, त्याच्याशी शहरातील मुलांनी भर पावसात सलगी करू नये. शरदात दरडींचे भय पुष्कळ ओसरलेले असते. ऊन मात्र कडक असते. ऑक्टोबरच्या उन्हाला शरीर एक-दोन आठवड्यांत सरावते. तोवर पहाटे निघावे, पाणी मुबलक घ्यावे आणि शिदोरीत मीठ लावलेले काही असू द्यावे. कार्तिकात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि झाडीत त्याच्या आधीच काळोख दाटतो, हेही विसरू नये.

तुकडीच्या प्रमुखाने निघतानाच परतीची वेळ सांगून ठेवावी. समजा, दुपारी एकला मागे फिरावयाचे ठरले आहे, आणि एक वाजला तेव्हा सुळका अवघा वीस मिनिटांवर राहिला आहे. कोणी म्हणेल, एवढे आलो तर हात लावून येऊ. हट्टाने वर जाणारा मुलगा कितीही चपळ असला तरी त्यास त्या वर्षी घरी ठेवावे. जो काही न बोलता पाठीवरची पिशवी सावरतो, मागच्यास वाट देतो व उतरू लागतो, त्याला नाताळात राजगडास नेण्यास हरकत नाही.