मांडव घेतला, कथा टाकली

मांडव्यापासून मुरूडपर्यंतच्या किनाऱ्यावर लग्नसराईत फिरणाऱ्यास अलीकडे एक चमत्कार दृष्टीस पडतो. समुद्र आपला, झाडें नारळीपोफळींचीं. परंतु मांडव मात्र उदेपूरच्या राजवाड्याचा! २०१३ सालच्या 'ये जवानी है दीवानी' या चित्रपटांतील उदेपूरचें लग्न ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांना हा मांडव कोठून आला हें सांगावयास नको. २०२० सालीं भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारी वाहून नेणारी बोट सुरू झाली, आणि मुंबईकरांची इकडील वाट सोपी झाली. मोटारींबरोबर हौसेचे नमुनेही उतरूं लागले. विनोदी प्रेमकथेच्या चित्रपटांतील पोशाख, फुलें, दिवे, वधूवरांच्या प्रवेशाची ऐट, सारें हुबेहूब हवें. मग वधूपित्यास कर्ज काढावें लागलें तरी बेहत्तर!

अनुकरणास आमची सरसकट हरकत नाहीं. लग्नांतला बँड आपण इंग्रजांच्या पलटणींकडूनच उचलला. आज तो कोणास परका वाटतो? आमचा आक्षेप निराळा आहे. हे अनुकरण करणारे लोक चित्रपट पाहतात, पण तो समजून घेत नाहींत.

फ्रँक काप्रा यांचा 'इट हॅपन्ड वन नाइट' (१९३४) हा या जातीच्या चित्रपटांचा एक पूर्वज. त्यांत नवरदेव ऑटोजायरो नांवाच्या उडत्या यंत्रांतून थेट लग्नस्थळीं उतरतो; आणि नायिका त्या सगळ्या थाटाकडे पाठ फिरवून, लग्नाच्या वस्त्रांनिशीं पळून जाते. 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' (१९९५) मध्यें पंजाबांत लग्नाची जी जंगी तयारी चालते, ती नायिकेच्या मनाविरुद्ध असते, आणि तें लग्न होतच नाहीं. 'फोर वेडिंग्ज अँड अ फ्युनरल' (१९९४) मध्यें इतके समारंभ दाखवून झाल्यावर नायक नायिकेस मागणी घालतो ती लग्न न करण्याची! आणि उदेपूरचा तो राजवाडी सोहळा तरी कोणाचा? नायिकेचा नव्हे, तिच्या मैत्रिणीचा.

याचा अर्थ उघड आहे. थाट आणि प्रेम या दोन वस्तू एक नव्हेत, या विसंगतीवरच या चित्रपटांतील पुष्कळसा विनोद उभा असतो. आम्ही विनोद टाकून दिला आणि थाट तेवढा घरीं आणला. मराठींत तर सलील कुलकर्णी यांनीं 'वेडिंगचा शिनेमा' (२०१९) या चित्रपटांत लग्नाच्या चित्रीकरणाची हौस हाच विषय घेतला. परंतु ज्यांच्यासमोर तो आरसा धरला, त्यांनीं आरशांत पाहून केस तेवढे नीट केले!

याच किनाऱ्यावरील आगरी समाजांत धवलारीण आहे. हळदीपासून पुढें एकेका विधीला ती धवले गाते. तिच्या गाण्यावांचून लग्न लागल्यासारखें वाटत नाहीं, अशी तिची प्रतिष्ठा. या शब्दाचें कूळ फार जुनें आहे. आद्य मराठी कवयित्री महदंबा हिनें तेराव्या शतकांत जे धवळे रचले, ते कृष्ण आणि रुक्मिणी यांच्या विवाहाचे. आणि रुक्मिणीची कथा ती काय? शिशुपालासाठीं सजविलेला मांडव सोडून मनाच्या वरासह निघून गेलेल्या वधूची! जी कथा आम्ही परक्या पडद्यावर पाहून हरखतों, ती आमच्या मांडवांत गाइली जात होती. आज तिथें ध्वनिवर्धकाचा कल्लोळ असतो, आणि छायाचित्रकार "पुन्हा एकदां" म्हणून हार दुसऱ्यांदा घालावयास लावतो. तेव्हां वधूवर नट होतात आणि आप्तेष्ट प्रेक्षक. लग्न लावणारा कोणीच उरत नाहीं.

"एका दिवसाची हौस, तिचा एवढा बाऊ कशाला?" असें कोणी म्हणेल. हौस एका दिवसाची असते. कर्ज एका दिवसाचें नसतें. शिवाय ज्या दिवशीं दोन माणसांनीं एकमेकांकडे पाहावयाचें, त्या दिवशीं तीं यंत्राकडे पाहत राहिलीं, हें नुकसान कोणत्याही वहींत मांडतां येत नाहीं. या थाटानें गांवच्या लोकांस काम मिळतें, हें आम्हांस मान्य आहे. परंतु फुलें वाडींतलीं, स्वयंपाक आळींतला आणि गाणें गांवचें घेतलें तर तें काम कमी होणार नाहीं, वाढेलच.

लग्न ठरलेल्या तरुणतरुणींस आमचें सांगणें एवढेंच: चित्रपट अवश्य पाहा, पण शेवटपर्यंत पाहा. मांडवाचें चित्र पुढें करून "असाच हवा" म्हणण्यापूर्वीं, त्या मांडवांतून कोण निघून गेलें आणि कां, हें एकमेकांस विचारा. मग दारीं झावळ्या आणि आंब्याचे टहाळे बांधा, धवलारणीस बोलावणें पाठवा, आणि ध्वनिवर्धक ठेवावयाचाच असेल तर तिच्यापुढें ठेवा.