टाय बांधून जात झाकत नाही

रोजगार मेळाव्याचा आता एक ठरलेला साचा झाला आहे. मंडप, बॅनरवर पुढाऱ्यांचे फोटो आणि मुलाखतीआधी तासभर ‘व्यक्तिमत्त्व विकास’. बायोडाटा असा लिहा, नजरेला नजर भिडवा, टाय बांधा. सोनगीरचा बौद्ध, मातंग किंवा भिल्ल तरुण धुळ्याला जाऊन हे ऐकतो. परतीच्या एसटीत त्याच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की झालेली असते: कमी आपल्यातच आहे. आमचा आक्षेप नेमका इथे आहे.

सोनगीर खानदेशात पितळेच्या भांड्यांसाठी ओळखले जाते. ज्या घरात भट्टी होती, त्या घरच्या पोराला हुनर, गिऱ्हाईक आणि उधारीवर माल देणारा व्यापारी जन्मासोबतच मिळाला. त्याला कुणी आत्मविश्वासाचे धडे दिले नाहीत. (स्टीलने पुढे त्या धंद्याचेही हाल केले, तो भाग वेगळा.) ज्यांच्या वाट्याला गावकीची कामे आली, त्यांना भट्टीची ऊब लांबूनच. जात ही या देशातली सर्वांत जुनी नोकरी लावणारी संस्था आहे, आणि तिच्या यादीत आपले नाव कधीच नव्हते. बाबासाहेबांनी १९३६ सालीच ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये मांडले की जात माणसाला धंदा बदलू देत नाही, म्हणून ती बेकारीचे थेट कारण ठरते.

हे जुने झाले म्हणणाऱ्यांनी सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास वाचावा. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावांचा. सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाली, मुस्लिम नावाला दोन तृतीयांशाने. अर्जात टाय दिसत नाही, मित्रांनो. आडनाव दिसते. त्यातून मुलाखतीपर्यंत पोहोचलाच, तर ‘वडील काय करतात?’ हा प्रश्न आहेच, आणि अहिराणी वळणाचे मराठी ऐकले की ‘कम्युनिकेशन कमी पडते’ हा शेरा.

रोजगार विनिमय केंद्रांची मुळे १९४५ सालच्या पुनर्वसन व रोजगार महासंचालनालयात आहेत. युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांना काम मिळवून देण्यासाठी ते उभे राहिले, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. सरकारने कामगार आणि मालक यांच्या मध्ये उभे राहावे, ही ती कल्पना. पुढे १९५९ च्या कायद्याने मालकाला रिक्त जागा कळवणे सक्तीचे केले, पण त्यातच मेख मारून ठेवली: जागा कळवा, केंद्राने पाठवलेला माणूस घेतलाच पाहिजे असे नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती मेख शाबूत आहे. केंद्राची पाटी बदलली, कौशल्य आले, उद्योजकता आली, महास्वयम पोर्टल आले. मालकाचा दरवाजा मात्र तसाच.

अडथळा मालकाच्या डोक्यात आहे हे एकदा मान्य केले की रोजगार अधिकाऱ्याचे कामच बदलते. मानसिक आजारातून सावरणाऱ्यांना नोकरी मिळवून देण्याची एक पद्धत अमेरिकेत तयार झाली. तिच्या निकषांनुसार एका अधिकाऱ्याकडे वीसपेक्षा जास्त उमेदवार नसावेत, त्याने आठवड्याला किमान सहा वेळा मालकांना प्रत्यक्ष भेटावे, आणि नोकरी लागल्यावरही उमेदवाराची साथ सोडू नये. आपल्याकडे अधिकारी मालकाला भेटतो तो मेळाव्यात, हारतुरे घेऊन.

समुपदेशन नको, असे आम्ही म्हणत नाही. ते नरडाण्याच्या एमआयडीसीतल्या मालकांचेही करा, एवढीच मागणी आहे. दर मेळाव्यानंतर कोणत्या कंपनीने किती जागा कळवल्या, किती जणांना बोलावले, किती घेतले, त्यात अनुसूचित जाती-जमातींचे आणि भटक्या-विमुक्तांचे किती, सहा महिन्यांनी किती टिकले, हे केंद्राच्या फलकावर लावा. फोटोंच्या बॅनरपेक्षा खर्च कमी येईल.

फलक लागेपर्यंत माहिती अधिकार आहेच, अर्जाला दहा रुपये लागतात. ३१ जुलैला आपण लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जमतो. यंदा निळ्या झेंड्यांसोबत या पाच प्रश्नांचे भरलेले अर्जही घेऊन या. सोनगीरचा गठ्ठा आम्ही आणतो, दुसऱ्या दिवशी सगळे मिळून धुळ्याच्या केंद्रात जाऊ.