विश्लेषण : निर्वासित तरुणांना मुंबईत मानसिक उपचारांचा हक्क आहे का? अडते कुठे?

मायदेशी परतण्याचा रस्ता बंद आणि इथल्या मुक्कामाची मुदत पुन्हा पुन्हा वाढवून घ्यायची. १५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबानने काबूलचा ताबा घेतला, तेव्हा मुंबई-पुण्यात शिकणारे अफगाण विद्यार्थी या पेचात सापडले. झोप उडाली, सतत धास्ती वाटते, अभ्यासात लक्ष लागत नाही, अशा वेळी या तरुणांनी जायचे कुठे?

निर्वासित कोणाला म्हणतात?

आश्रय मागितला, पण निर्णय व्हायचा आहे तो आश्रयार्थी. मागणी मान्य झाली की निर्वासित. भारताने निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही आणि देशात त्यासाठी स्वतंत्र कायदाही नाही. तिबेटी आणि श्रीलंकेतील तमिळ निर्वासितांची व्यवस्था सरकार पाहते. अफगाणिस्तान, म्यानमार अशा देशांतून आलेल्यांचे अर्ज संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था तपासते. तिचे भारतातील मुख्य कार्यालय दिल्लीत आहे. विद्यार्थी व्हिसावर राहणारे सगळेच असा अर्ज करत नाहीत. असा तरुण कागदोपत्री विद्यार्थी असतो, पण परत मात्र जाऊ शकत नाही.

ताण नेमका कशाचा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार संघर्षग्रस्त भागांतील पाचपैकी एका व्यक्तीला कोणता ना कोणता मानसिक विकार असतो. मात्र ताण केवळ मागे घडलेल्या गोष्टींचा नसतो, पुढे काय होणार याचाही असतो. व्हिसाची मुदतवाढ मिळेल का, पासपोर्टचे नूतनीकरण कोण करून देईल, घरून पैसे येतील का, हे प्रश्न रोजचे. तालिबान राजवटीने नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबईतील अफगाण वकिलातीसाठी आपला प्रतिनिधी नेमल्याचे जाहीर केले. ज्यांना या राजवटीचीच भीती वाटते, त्यांच्यासाठी पासपोर्टचे साधे कामही दडपण आणणारे ठरू शकते.

कायदा काय सांगतो?

हक्क आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ नुसार सरकारी किंवा सरकारी निधीवर चालणाऱ्या सेवा मिळण्याचा अधिकार ‘प्रत्येक व्यक्ती’ला आहे. तिथे ‘नागरिक’ हा शब्द नाही. धर्म, संस्कृती, राजकीय मत किंवा अन्य कोणत्याही कारणावरून भेदभाव करता येत नाही. आजाराची आणि उपचारांची माहिती रुग्णाला कळेल अशा भाषेत मिळणे हाही हक्कच आहे. चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ चे संरक्षण परदेशी व्यक्तींनाही असल्याचे स्पष्ट केले होते. म्हणजे परळचे केईएम, मुंबई सेंट्रलचे नायर किंवा भायखळ्याचे जे. जे. रुग्णालय असो, केवळ निर्वासित म्हणून कुणाला परत पाठवता येत नाही.

मग अडते कुठे?

पहिली अडचण भाषेची. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेलिमानस’ ही १४४१६ क्रमांकाची सरकारी हेल्पलाइन मोफत आहे आणि २० भाषांत चालते. पण त्यात दारी, पश्तो किंवा बर्मी नाही. हिंदी वा इंग्रजी येत असेल त्याला ती उपयोगी पडते. इतरांना दुभाषी म्हणून मित्रालाच सोबत न्यावे लागते आणि मग मनातले सगळे बोलणे कठीण होते.

दुसरी अडचण भीतीची. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या ‘इमिग्रेशन अँड फॉरेनर्स’ कायद्यानुसार दाखल होऊन उपचार घेणाऱ्या परदेशी रुग्णाची माहिती रुग्णालयाने नोंदणी अधिकाऱ्याला द्यायची आहे. ही तरतूद दाखल रुग्णांसाठी आहे. पण ज्याचे कागद अपुरे आहेत, तो हा फरक तपासत बसत नाही. तो रुग्णालयाची पायरीच टाळण्याची शक्यता अधिक.

महाराष्ट्राला असा अनुभव आहे का?

आहे. सैबेरियाच्या हद्दपारीतून सुटलेल्या सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांना १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे आसरा मिळाला. त्यात महिला आणि मुले बहुसंख्य होती. छावणीत पोलिश भाषेतील शाळा, चर्च, नाटके आणि स्काउट पथके होती. आंतरराष्ट्रीय मदत संस्थांच्या २००७ च्या मार्गदर्शक सूचनाही याच दिशेच्या आहेत. मानसिक आधाराची रचना त्यात पिरॅमिडसारखी मांडली आहे. पायाशी सुरक्षितता आणि मूलभूत गरजा, त्यावर कुटुंब व समाजाचा आधार, मग प्रशिक्षित कार्यकर्ते आणि टोकाला मानसोपचारतज्ज्ञ. पाया डळमळीत असेल तर केवळ गोळ्यांनी भागत नाही.

काय करता येईल?

फोनवर उपलब्ध होणारे प्रशिक्षित दुभाषी रुग्णालयांना जोडून देता येतील. कोणती माहिती गोपनीय राहते आणि कोणती, केव्हा कळवावी लागते, हे बाह्यरुग्ण विभागातच सांगता येईल. महाविद्यालयांतील समुपदेशकांना व्हिसाच्या प्रक्रियेची प्राथमिक माहिती देता येईल. यातल्या कशासाठीही नवा कायदा लागत नाही. मुक्कामाच्या अनिश्चिततेचे उत्तर मात्र डॉक्टरांकडे नाही. ते सरकारलाच द्यावे लागेल.