छेद लहान, पण काढलं काय?

‘मुलं झाली, संसार मार्गी लागला, आता पिशवी ठेवून करायचंय काय?’ हे वाक्य आपल्यापैकी कितीजणींनी ऐकलं असेल! कधी सासूबाईंकडून, कधी शेजारच्या काकूंकडून, तर कधी तपासणीच्या खोलीत खुद्द डॉक्टरांकडून. जणू गर्भाशय म्हणजे लग्नातलं रुखवत, काम झालं की माळ्यावर टाकायचं!

आमच्या महिला मंडळातर्फे नागपूरच्या आसपासच्या गावांत आम्ही रक्ततपासणीची शिबिरं घेतो. हिमोग्लोबिन सात-आठवर आलेल्या बायका हटकून भेटतात. खोदून विचारलं की कळतं, पाळीत आठ-दहा दिवस अंगावरून जातं, रक्ताच्या गाठी पडतात. पण ‘वयच आहे ते’ म्हणून वर्षानुवर्षं सोसणं चालू! मग एक दिवस चक्कर येते, सोनोग्राफी होते आणि कागदावर शब्द येतो, ‘फायब्रॉइड’. गाठ म्हटली की कॅन्सर, हे आपल्या मनात इतकं पक्कं बसलंय की पुढचं काही ऐकूच येत नाही.

म्हणून आधी हे समजून घेऊ या. फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूंचीच वाढलेली गाठ. बहुतेक गाठी साध्या असतात, कॅन्सर निघणं फारच दुर्मीळ. पन्नाशीपर्यंत बहुसंख्य स्त्रियांच्या गर्भाशयात अशी लहानमोठी गाठ तयार होते आणि अनेकींना त्याचा पत्ताही नसतो. त्रास नसेल, तर नुसती गाठ दिसली म्हणून काही करावं लागत नाही, अधूनमधून तपासणी पुरते. पाळी गेल्यावर गाठी सहसा आपोआप आक्रसतात.

आता माझा खरा मुद्दा. आमच्या बचत गटातली एक मैत्रीण, वय वर्षं अडतीस, मला आनंदाने सांगत होती, ‘ताई, पोट फाडायची गरज नाही. दुर्बिणीने करून देतो म्हणाले, दोन दिवसांत घरी.’ मी विचारलं, ‘दुर्बिणीने काय काढणार, गाठ की पिशवी?’ तिला ठाऊक नव्हतं. नवऱ्यालाही नव्हतं. तारीख मात्र ठरली होती! दुसऱ्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवल्यावर कळलं, गाठ लहान होती आणि पिशवीच्या आतल्या पोकळीत होती. योनीमार्गातून दुर्बीण घालून तेवढी गाठच काढली. पोटावर एकही टाका नाही.

बायांनो, ‘दुर्बिणीने’ हा शब्द फसवा आहे. छेद लहान म्हणजे ऑपरेशन लहान, असं नाही. दुर्बिणीने गाठही काढता येते आणि अख्खं गर्भाशयसुद्धा. पोटावरचा व्रण दोन्हींत सारखाच दिसेल, पण आत फरक जमीन-अस्मानाचा.

मग वाटा कोणत्या? रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत. हार्मोनची कॉपर-टीसारखी दिसणारी कॉइल आहे. ती बसवली की अनेकींचा रक्तस्राव बराच घटतो. मात्र गाठीमुळे पोकळीचा आकार बिघडला असेल तर ती निसटू शकते. गाठ आत असेल तर वर सांगितलं तसं खालून काढता येते. भिंतीत किंवा बाहेरच्या अंगाला असेल तर पोटाला लहान छिद्रं पाडून काढतात, पिशवी शिवून जागेवर ठेवतात. गाठी फार मोठ्या किंवा पुष्कळ असतील तर पोट उघडावं लागतं, आणि काढलेल्या गाठी पुन्हा होऊ शकतात, हेही लक्षात ठेवायचं.

आणखी एक वाट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही, ती म्हणजे एम्बोलायझेशन. १९९५ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी फायब्रॉइडवरचा हा उपचार जगापुढे मांडला. जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी रक्तवाहिनीत सरकवतात आणि गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या सूक्ष्म कणांनी बंद करतात. रसद तुटली की गाठ काही महिन्यांत आक्रसते. सहसा पूर्ण भूल लागत नाही. पहिला दिवस-दोन दिवस मात्र पोटात चांगलंच दुखतं, आणि काहींना पुढे पुन्हा उपचार लागतात. मूल हवं असेल तर हा मार्ग सहसा पहिला सुचवत नाहीत. हे काम स्त्रीरोगतज्ज्ञ करत नाहीत, त्यातलं खास प्रशिक्षण घेतलेले रेडिओलॉजिस्ट करतात. त्यामुळे विचारल्याशिवाय त्याचं नाव निघेलच असं नाही.

न विचारण्याची किंमत काय असते, हे आपल्याच महाराष्ट्राने पाहिलंय. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या सर्रास काढल्या जातात, अशी ओरड झाल्यावर २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांवर बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. कारणं अनेक होती, सगळ्या काही फायब्रॉइडच्या नव्हत्या. पण दुखणं अंगावर काढायचं आणि मग एकदाच ‘कटकट मिटवायची’, ही वृत्ती तीच. पुढे २०२२ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना त्या अमलात आणायला सांगितलं.

कमी वयात गर्भाशयाबरोबर अंडाशयंही काढली तर पाळी जाण्याचे सगळे त्रास एकदम सुरू होतात, हाडं ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशयं ठेवली तरी त्यांचं काम काहीसं लवकर थांबू शकतं. ‘कटकट मिटली’ म्हणणाऱ्या घरात नवी कटकट येते, ती अशी.

याचा अर्थ पिशवी कधीच काढू नये, असं मी मुळीच म्हणत नाही. कॅन्सरची शंका असेल, बाकी उपाय थकले असतील किंवा सगळं समजून घेऊन एखादीने स्वतःच ठरवलं असेल, तर तेच योग्य. अनेक डॉक्टर मनापासून समजावतात, हेही खरं. माझं म्हणणं एवढंच की निवड तिची असावी, आणि निवडायला तिच्यासमोर एकाहून जास्त वाटा असाव्यात. सगळ्या वाटा मराठीत समजावणारा साधा कागद प्रत्येक सरकारी दवाखान्यात सहीआधी हातात का देऊ नये? ज्या गावात सोनोग्राफीलाही तालुक्याला जावं लागतं, तिथल्या बाईला वाटा कळणार तरी कशा?

तोवर हे चार प्रश्न लिहूनच न्या. गाठ किती मोठी आणि नेमकी कुठे आहे? काहीच केलं नाही तर काय होईल? नेमकं काय काढणार, गाठ, पिशवी की अंडाशयंही? पिशवी वाचवून दुसरा उपाय आहे का, तो इथे नसेल तर कुठे होतो? उत्तर पटलं नाही तर रिपोर्ट घेऊन नागपूरला मेडिकल, मेयो, डागा किंवा एम्सच्या ओपीडीत दुसरा सल्ला घ्या. भरमसाट रक्तस्राव होत असेल तर मात्र थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. आणि पाळी गेल्यानंतर एकदा जरी रक्त दिसलं, तरी तपासणी टाळू नका.

साडी घेताना आपण चार दुकानं पालथी घालतो, पोत बघतो, भाव करतो. मग शरीराच्या बाबतीत पहिल्याच दुकानात ‘हो’ का म्हणायचं?